एकट्यानं ओढलेलं हरीण

"एकटा जाणार, एकटा मारणार आणि एकटाच ओढून आणणार!"

गुरुनाथनं जेवता जेवता जाहीर केलं आणि टेबलावर मूठ आपटली. आमटी वाटीबाहेर आली.

"आणून ठेवणार कुठं?" शैलजानं आमटी पुसत विचारलं. "फ्रीझरमध्ये डेव्हनच्या देशी दुकानातून आणलेली मेथी आहे, खवलेला नारळ आहे. हरणाला जागा नाही."

"जागा कर!"

"बाबा, यू क्राय व्हेन यू चॉप अनियन्स," अकरा वर्षांची रेणू ताटातून मान वर न करता म्हणाली.

"कांद्याचा आणि शिकारीचा काही संबंध नाही!"

संबंध होता तो मनोहरचा. गुरुनाथ जळत होता. उगाच आडवळणानं कशाला सांगायचं? साधं, सरळ, रोज सकाळी उठल्यापासून जळत होता.

गोष्ट त्र्याण्णव सालची, ओहायोतल्या डब्लिनची. गुरुनाथ तिथल्या एका इन्शुरन्स कंपनीत कॉम्प्युटरवर बसायचा, पण ती काही त्याची खरी ओळख नव्हती. मराठी मंडळाच्या हिवाळी जेवणाचं मटण कोण करतो? गुरुनाथ! अध्यक्ष आले आणि गेले, खजिनदार भांडून गेले, पण बारा वर्षं मटणाच्या पातेल्यावरचा गुरुनाथचा डाव कुणी हलवला नव्हता. पातेलं एवढं मोठं, की रेणू लहानपणी त्यात बसून आंघोळ करायची.

आणि मग नागपूरहून मनोहर आला. आल्याच्या दुसऱ्याच वर्षी गडी बंदूक घेऊन डोंगरात गेला, हरीण मारलं आणि मंडळाच्या जेवणात हरणाचं मटण घेऊन हजर! काळा मसाला, वर बोटभर तर्री. लोक तुटून पडले. गुरुनाथ आपल्या पातेल्याशी झाकण धरून उभा राहिला, आणि बाजूनं रिकामी ताटं घेतलेली माणसं नुसती "एक्स्क्यूज मी, एक्स्क्यूज मी" करत मनोहरकडे जात राहिली.

तेही त्यानं सोसलं असतं. पण शैलजानं दुसऱ्यांदा वाढून घेतलं. मनोहरच्या पातेल्यातून! आणि वर सगळ्यांसमोर म्हणाली, "मनोहरभावजी, काय हात आहे हो तुमचा!"

काय हात आहे हो तुमचा! बारा वर्षं गुरुनाथनं मटण केलं. बारा वर्षांत ह्या बाईच्या तोंडून जास्तीत जास्त काय निघालं होतं? "बरं झालंय." आणि एकदा, लग्नाच्या वाढदिवसाला, "बरं झालंय, फक्त मीठ."

उरलेलं पातेलं घरी आलं. घरात अकरा दिवस मटण चाललं. अकराव्या दिवशी रेणूनं, "कॅन वी प्लीज बी व्हेजिटेरियन?" असं हात जोडून विचारलं.

तेव्हापासून गुरुनाथला मनोहरचं काहीच बघवेना. मनोहरचे केस दाट, मनोहरचं लॉन हिरवंगार. मनोहरला सर्दी झाली तर तीसुद्धा आपल्यापेक्षा दणदणीत वाटायची! त्यात भर म्हणजे मनोहरनं हरणाबरोबरच्या फोटोच्या कॉपीज काढून घरोघर वाटल्या होत्या. त्यातली एक खुद्द गुरुनाथच्या फ्रिजवर लागली होती, डेंटिस्टच्या अपॉइंटमेंटशेजारी. दूध काढायला गेलं की मनोहर आणि आठ टोकांच्या शिंगांचं हरीण, दोघंही हसताना दिसायचे. गुरुनाथ फोटो उलटा करायचा. शैलजा पुन्हा सुलटा करायची.

"एकटाच गेलो होतो रे," मनोहरनं त्या जेवणात सांगितलं होतं. एकटा गेला म्हणजे त्या डोंगरातून हरीण एकट्यानंच ओढून आणलं, हे गुरुनाथनं मनाशी पक्कं करून टाकलं. आता हे हरीण आपणही आणायचं. त्याच डोंगरातून, एकट्यानं. आणि मंडळाच्या जेवणात शैलजाच्या तोंडून ते वाक्य निघेपर्यंत पातेल्यापासून हलायचं नाही.

त्यासाठी त्यानं शिकारीच्या लायसन्सचा कोर्स केला. वर्गात बाकी सगळी बारा-तेरा वर्षांची पोरं. परीक्षेत त्याला अठ्ठ्याण्णव मार्क पडले. शेजारच्या दोन वेण्यावाल्या मुलीला शंभर पडले, आणि घरी येईपर्यंत तो तिच्यावरही जळत राहिला. ऑफिसातल्या डेलकडून त्यानं बंदूक मागून घेतली. आणि शेवटी मन मारून मनोहरला फोन केला, कारण त्या डोंगराच्या मालकिणीचा नंबर त्याच्याकडेच होता.

"अरे व्वा, जा ना यार!" मनोहर म्हणाला. "मिसेस हॅगर्टी म्हणून म्हातारी आहे, एकदम गोड बाई. मी सांगून ठेवतो तिला. बरोबर येऊ का? डोंगर चढाचा आहे, ओढताना जाम त्रास होतो."

"नको!" गुरुनाथ इतक्या जोरात म्हणाला, की पलीकडे मनोहरनं रिसीव्हर कानापासून लांब धरला असावा.

थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी हरणांचा सीझन उघडतो. गुरुनाथनं ऑफिसात आजारी असल्याचा फोन करायचं ठरवलं होतं. पण फोन घ्यायला ऑफिसात कुणी नव्हतंच, साहेबासकट सगळे जंगलात गेले होते. पहाटे दीड तास ड्राइव्ह करून त्यानं मिसेस हॅगर्टीच्या अंगणात व्हॅन लावली. दुसऱ्या शिकाऱ्यानं हरीण समजू नये म्हणून नियमाप्रमाणे नारिंगी जाकीट घातलं. डोक्याला मंडळाच्या लेझीम पथकाचा नारिंगी फेटा बांधला. बारा फेटे त्याच्याच बेसमेंटमध्ये पडून होते. मग टोपीला वेगळे डॉलर कोण घालवणार? घरामागचा डोंगर चढून, पलीकडच्या घळीत उतरून, एका ओकच्या झाडाखाली तो बसला. थर्मासमधला चहा प्यायला, दोन धपाटे खाल्ले आणि मनोहरचा विचार करत राहिला.

विचार करता करता समोर हरीण आलं. गुरुनाथनं डोळे मिटले आणि घोडा दाबला. डोळे उघडले तर हरीण आडवं! चार टोकांचं तरणं हरीण होतं. मनोहरच्या हरणाची टोकं आठ, हे पहिलं मनात आलं. दुसरं म्हणजे रेणूचं खरं ठरलं, त्याला रडू आलं. हरणाच्या मानेवर हात ठेवून तो रडला, पण पाचच मिनिटं. मनोहर काही रडला नसणार.

मग त्यानं नियमाप्रमाणे हरणाला चिठ्ठी बांधली आणि पोट साफ केलं. बारा वर्षं मटण साफ केलेल्या माणसाला ते जड गेलं नाही. जड होतं ते पुढचं. साफ केल्यावरही हरणाचं वजन पन्नास किलो. गुरुनाथ चौसष्ट. समोर अर्ध्या मैलाचा चढ, आणि चढावर घोट्यापर्यंत ओली पानं.

त्यानं मागचे दोन पाय धरले आणि ओढलं. हरीण हललं नाही. पुन्हा ओढलं. हरीण वीतभर सरकलं, गुरुनाथ हातभर घसरला. तासाभरात तो त्या ओकच्या झाडापासून इतका लांब आला होता, की झाडाच्या सालीवरच्या भेगा अजून स्पष्ट दिसत होत्या.

तेवढ्यात दोन धिप्पाड शिकारी वरून उतरले. गुरुनाथ पानांत पालथा पडला होता.

"नीड अ हँड, बडी?"

"नो, नो!" गुरुनाथ पालथाच म्हणाला. "थँक यू! आय ॲम एन्जॉयिंग!"

मदत घेतली की 'एकट्यानं' गेलं! मग मनोहरसमोर काय तोंड दाखवायचं?

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "फेटा छान आहे," असं काहीसं एक जण म्हणाला. दुसरा जाता जाता म्हणाला, "उलटं ओढतोयस तू. डोक्याकडून ओढ. शेपटीकडून ओढलं की सगळे केस उलटे जातात, जमिनीला धरून बसतात."

गुरुनाथनं विचार केला. सल्ला म्हणजे मदत का? नव्हे! सल्ला तर मनोहरलाही कुणीतरी दिला असेल. पण ते दोघं वळणाआड दिसेनासे होईपर्यंत तो पालथाच थांबला, आणि मगच हरीण फिरवलं.

आता जरा जमू लागलं. डोक्याचा फेटा सोडून त्यानं एक टोक शिंगांना आणि पुढच्या पायांना बांधलं, दुसरं स्वतःच्या कमरेला. सुटू नये म्हणून चांगली निरगाठ मारली. मग दोन्ही हातांनी झाडं धरत, बैलासारखा मान खाली घालून चढू लागला. दहा पावलं, मग दम. पाच पावलं, मग दम. प्रत्येक पावलाला तो एक शब्द म्हणायचा. "काय!" पाऊल. "हात!" पाऊल. "आहे!" पाऊल. "हो!" पाऊल. "तुमचा!" आणि मग धापा.

दुपारी दोनला तो डोंगरमाथ्यावर पोचला, तर समोर लाल ट्रॅक्टर उभा. त्यावर पंचाहत्तरीची एक म्हातारी, डोक्याला रुमाल, हातात कॉफीचा मग.

"तूच ना मॅनीचा मित्र?" मिसेस हॅगर्टी म्हणाली. "त्यानं तीनदा फोन केला. म्हणाला, मित्र एकटा आहे, जरा लक्ष ठेव. चल, टाक ते मागच्या गाडीत."

"नो!" गुरुनाथ हरणावर आडवा पडला. "आय विल टेक. अलोन!"

"अलोन? इथून खाली उतार बघितलास का? मॅनीचं हरीण मीच नेलं होतं की गेल्या वर्षी ह्या ट्रॅक्टरनं."

गुरुनाथ उठून बसला. "व्हॉट?"

"ह्याच गाडीत. तो हरणाशेजारी बसून गाणी म्हणत होता. काय आवाज आहे रे त्याचा!"

आवाजही चांगला आहे हे ऐकून क्षणभर पोटात दुखलं, पण क्षणभरच. मनोहरनं ओढलंच नव्हतं! ट्रॅक्टरमधून आला होता, नवरदेवासारखा! गुरुनाथला त्या म्हातारीचे पाय धरावेसे वाटले. वर्षभर छातीवर बसलेलं काहीतरी उठून गेलं. आता फक्त हा उतार, की मनोहर खलास!

तो ताठ उभा राहिला, फेटा खेचला आणि उताराला लागला.

आता, डोक्याकडून ओढलं की हरणाचे केस सुलटे बसतात, हे त्याला कळलं होतं. चढावर त्याचा फायदा असतो. उतारावर, ओल्या पानांवर त्याचं काय होतं, हे त्या शिकाऱ्यानं सांगितलं नव्हतं! पाच-सात पावलं ठीक गेली. मग मागून काहीतरी गुळगुळीत येऊन गुरुनाथच्या पोटऱ्यांवर आदळलं. तो हरणावर बसला. हरीण निघालं. जिवंतपणी धावलं नसेल इतक्या वेगानं निघालं! एका झाडापाशी गुरुनाथ हरणावरून पडला, वाटलं, सुटलो! पण कमरेला निरगाठ! हरीण पुढे, गुरुनाथ मागे, कधी बसून, कधी कुशीवर, तोंडानं आईपासून मंडळाच्या घटनेपर्यंत सगळ्यांचा धावा करत. शेवटी मिसेस हॅगर्टीच्या लाकडांच्या ढिगावर हरीण थांबलं आणि हरणावर गुरुनाथ थांबला. कमरेत 'कट्' असा आवाज झाला.

म्हातारी ट्रॅक्टर घेऊन खाली येईपर्यंत तो हलला नव्हता.

"ॲम्ब्युलन्स बोलावू?"

"मॅडम," गुरुनाथ आभाळाकडे बघत म्हणाला, "एक कागद मिळेल का?"

"कागद?"

"सर्टिफिकेट. मी हरीण एकट्यानं आणलं, असं लेखी पाहिजे. तारीख घालून. शिक्का असेल तर बरं."

शिक्का नव्हता. पण म्हातारीनं स्वयंपाकघरातून कागद आणला, चष्मा लावला आणि लिहून, पाकिटात घालून दिलं. गुरुनाथनं पाकीट जाकिटाच्या आतल्या खिशात ठेवलं. मग तिनं ट्रॅक्टरच्या फावड्यानं हरीण उचलून व्हॅनमध्ये ठेवलं, आणि जवळजवळ तसंच गुरुनाथलाही. त्यानं हरकत घेतली नाही. सर्टिफिकेट डोंगरापुरतंच होतं.

हरणाची नोंद करायच्या दुकानात त्याला गाडीतून उतरता येईना, तेव्हा दुकानदारच बाहेर येऊन हरणाला धातूचा बिल्ला लावून गेला. खाटकाकडे तिघांनी हरीण उतरवलं. घरी पोचल्यावर शैलजा आणि शेजारच्या बाईनं मिळून गुरुनाथला उतरवलं.

"दोन आठवडे," डॉक्टर म्हणाले. "जमिनीवर, पाठीवर. उठायचं नाही, वाकायचं नाही, काही उचलायचं नाही."

"पण शनिवारी मंडळाचं जेवण आहे! मटण करायचंय!"

"डाव उचलायचा नाही," शैलजानं डॉक्टरांच्या वतीनं सांगितलं.

शुक्रवारी खाटकाकडून मटणाची पाकिटं आली. गुरुनाथ दिवाणखान्यात चटईवर पडला होता. मंडळानं ठरवलं की तो येऊ शकत नाही तर जेवणच त्याच्या घरी करू. कुठल्याही माणसाला भरून आलं असतं. गुरुनाथलाही आलं, पण मग त्यानं शैलजाला फोनवर बोलताना ऐकलं.

"मनोहरभावजी, आता तुम्हीच या हो. दुसऱ्या कुणाला हरणाचं जमणार?"

"शैलजा!" गुरुनाथ चटईवरून ओरडला. "सांबार कर! पिठलं कर! पिझ्झा मागव! पण तो नको!"

"अहो, हरीण तुम्ही मारलंय. ते वाया घालवायचं का?"

शनिवारी सकाळी मनोहर आला. जमिनीवरून गुरुनाथला फक्त त्याचे पाय दिसत होते. मोजेसुद्धा एकसारखे, दोन्ही पायांत एकाच रंगाचे! ते पाय गुरुनाथच्या किचनमध्ये फिरले. गुरुनाथचा मसाल्याचा डबा उघडल्याचा आवाज आला. गुरुनाथचं पातेलं शेगडीवर चढलं. कांद्याच्या खमंग वासानं गुरुनाथच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते कांद्याचंच आहे असं त्यानं रेणूला सांगितलं.

"काहीतरी काम द्या रे मला," शेवटी तो म्हणाला.

शैलजानं त्याच्या छातीवर लसणाचं ताट ठेवलं. चार गड्डे. गुरुनाथनं आढ्याकडे बघत, एकेक पाकळी हातानं चाचपत, सगळा लसूण सोलला. तेवढंच काम होतं, म्हणून मन लावून सोलला.

मध्येच मनोहर डावात रस्सा घेऊन आला, गुडघ्यावर बसला, फुंकर घातली आणि त्याच्या तोंडाशी धरला. "तू सांग, गुरू. मीठ?"

गुरुनाथनं चाखला. खोट काढायची म्हणून तीन वेळा चाखला. मेल्यानं असा काही केला होता, की पाठ विसरायला झालं.

"बरा झालाय," तो म्हणाला.

संध्याकाळी पस्तीस माणसं आली. गुरुनाथ वाट बघत होता. सगळे ताटं घेऊन बसले, तशी त्यानं हाक मारली, "रेणू! माझ्या जाकिटातलं पाकीट आण. मोठ्यानं वाच!"

रेणू सोफ्यावर उभी राहिली आणि तिनं वाचलं. इंग्रजीत लिहिलं होतं, पण अर्थ असा: "ज्या कोणाला गरज असेल त्याच्यासाठी. हा माणूस माझ्या डोंगरावरून हरीण घेऊन एकट्यानं खाली आला. चढाचं काम त्याचं, उताराचं बरंचसं हरणाचं. मी मदत देऊ केली तर हा ओरडला. इतका हट्टी माणूस मी माझ्या दोन्ही नवऱ्यांतही पाहिला नाही. बर्निस हॅगर्टी."

"शेवटचं वाचायचं नव्हतं," गुरुनाथ म्हणाला. "पण कळलं ना? एकट्यानं! आणि ह्या मनोहरचं हरीण कसं आलं होतं, विचारा त्याला! ट्रॅक्टरनं!"

झालं! बॉम्ब पडला. आता गुरुनाथनं आवाजाची वाट पाहिली.

"हो ना!" मनोहर खळखळून हसला. "ते तर मी गेल्या वर्षीच सांगितलं होतं. म्हातारी ट्रॅक्टर चालवतेय, मी मागे हरणाच्या मांडीला मांडी लावून बसलोय!"

"आणि गाणं म्हणत होतात!" उल्काताई म्हणाल्या. मंडळाच्या अध्यक्ष त्या. हसून हसून त्यांनी ताट खाली ठेवलं. "पुन्हा सांगा ना, ती गाणं थांबवायला लावते ते!"

"सगळ्यांना माहीत होतं?" गुरुनाथनं क्षीण आवाजात विचारलं.

"अहो, तुम्ही तेव्हा किचनमध्ये होतात," शैलजा म्हणाली. "आपलं पातेलं झाकून आत ठेवायला गेला होतात."

मनोहरनं पुन्हा सगळं सांगितलं, ट्रॅक्टरच्या आवाजासकट. लोक गडाबडा लोळले. गुरुनाथ आधीच लोळलेला होता, त्याला वेगळं काही करता आलं नाही. अर्धा मैल ओढलेलं हरीण, कमरेत कट्, शिक्क्याविना सर्टिफिकेट, आणि जो तो ताट घेऊन मनोहरकडेच! गुरुनाथनं डोळे मिटून घेतले. आता ते वाक्य येणार. त्याच्याच घरात, त्याच्याच हरणावर, मनोहरला.

"शैलजा, ह्या रश्श्यात लसूण काय सुंदर लागतोय गं," उल्काताई म्हणाल्या.

"लसूण ह्यांनी सोलला," शैलजा म्हणाली. ती ताट घेऊन चटईपाशी आली आणि खाली बसली. तिच्या ताटात रस्सा दुसऱ्यांदा वाढलेला होता. "पडल्या पडल्या, न बघता! चार गड्डे, आणि एक पाकळी चेपली नाही." मग ती सगळ्यांसमोर, पस्तीस माणसांसमोर त्याला म्हणाली, "काय हात आहे हो तुमचा!"

गुरुनाथनं डोळे उघडले. तेरा वर्षांत पहिल्यांदा! मटणाला नाही, लसणाला. हरणाला नाही, हरणातल्या लसणाला! पण वाक्य तेच होतं, शब्दन् शब्द तेच. तो उठायला गेला तशी पाठीतून कळ गेली.

"रेणू!" तो तसाच आडवा ओरडला. "कागद-पेन आण! आईकडून हे लेखी घे, तारीख घालून!"

"बाबा, सीरियसली?"

"सीरियसली! आणि खाली साक्षीदार म्हणून मनोहरची सही घे!"